हिरव्या पडद्यावर हिरवा चुडा

कोल्हापूरच्या त्या दुकानात मी कॅमेरा उचलला, हात पुढे धरला आणि मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हणायला सुरुवात केली. सगळी म्हटली. मध्ये भटजी खोकतात, मग मुलीकडचे एखादे काका माइक ओढून स्वतः रचलेलं कडवं म्हणतात, तो वेळही धरला. एवढ्या वेळात हात थरथरला तर तो कॅमेरा माझ्या उपयोगाचा नव्हता. दुकानदार काउंटरमागून बघत होता. बाई कॅमेरा धरून नुसतीच उभी आहे आणि ओठ हलवते आहे, हे त्याला पचत नव्हतं.

"मालक कधी येणार आहेत?" त्याने विचारलं. "त्यांनाच दाखवू की सगळं."

"मालक मीच," मी म्हटलं आणि कॅमेरा दुसऱ्या हातात घेतला.

गंमत अशी की मंगलाष्टकांना मला कोणी उभंच करत नव्हतं. मालवणच्या बाजारात आमचा फोटोचा आणि व्हिडिओ शूटिंगचा गाळा. शूटिंग नवरा करायचा, मिक्सिंग मी करायचे. म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची, गाणी टाकायची, फुलं उडवायची, वधूवरांना बदामाच्या आकारात बसवायचं. तो आजारपणात गेला आणि लग्नाच्या ऑर्डरीही त्याच्याबरोबरच गेल्या. मी कॅमेरा घेऊन मांडवात गेले की कोणीतरी आत्या हळूच जवळ येई आणि विचारी, दुसरा कोणी नाही काय गो? हळदीला तर मला दारातूनच चहा देऊन परत पाठवलं होतं. विधवेची सावली हळदीवर नको, पण तिने कापूनजोडून दिलेली सीडी मात्र घरोघर चालत होती. या गोष्टीचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे.

म्हणून मी दुसरी वाट धरली. तेव्हा 'आउटडोअर'ची हौस नवीन होती. लग्नानंतर दोनचार दिवसांनी नवराबायकोला नटवून बाहेर न्यायचं, एका गाण्यावर फिरवायचं, आणि मागे स्वित्झर्लंड दाखवायचं. घरासमोर समुद्र पसरलेला असताना आमच्या लोकांना बर्फ हवा होता. हवा तर हवा. त्या कामाला मुहूर्त नव्हता, भटजी नव्हते, हळदकुंकू नव्हतं, त्यामुळे माझी सावली कुठे पडते हे बघायला कोणी नव्हतं. मागे एकाच रंगाचा पडदा लावायचा, माणसं त्याच्यापुढे उभी करायची, आणि कॉम्प्युटरवर तेवढा रंग काढून तिथे डोंगर बसवायचे. आमच्या धंद्यात त्याला क्रोमा म्हणतात.

शहरातले लोक हे काम खोलीत, दिव्यांखाली करत. आमच्याकडे भारनियमनाची वर्षं होती. वीज कधी जाईल ते ठरलेलं असायचं आणि कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसायचं. हॅलोजनच्या भरवशावर नवरी नटवून बसवायची आणि ऐन वेळी काळोख, असा धंदा होत नाही. उन्हाला मात्र भारनियमन नव्हतं. तेव्हा क्रोमा बाहेर, उघड्यावर करायचा हे ठरलं, आणि उघड्यावर म्हणजे सगळं सामान एका बाईला उचलता आलं पाहिजे. ही एकच अट घेऊन मी एसटीने कोल्हापूर गाठलं होतं.

दुकानदाराने आधी खांद्यावरचा मोठा कॅमेरा दाखवला होता. लग्नवाल्यांत तोच चालतो, मांडवात वजन पडतं, असं त्याचं म्हणणं. वजन पडतं ते खांद्यावर पडतं, मी म्हटलं, आणि आत काय आहे ते विचारलं. एवढ्या मोठ्या डबड्यात चित्र टिपणारी चिप एकच होती. हातात मावणाऱ्या लहान कॅमेऱ्यात तीन होत्या, म्हणजे लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक रंग वेगळा टिपला जाणार. त्याशिवाय क्रोमाला कडा स्वच्छ मिळत नाहीत, केसांभोवती शेवाळ धरल्यासारखं दिसतं. लहान कॅमेऱ्यात उजेड आणि रंग हाताने बांधून ठेवता येत होते. बाजूला दार उघडावं तसा छोटा पडदा उघडत होता आणि तो बॅटरीवर चालत होता. दुकानदार त्याला खेळणं म्हणाला. मी ते खेळणं घेतलं, जास्तीची मोठी बॅटरी घेतली, आणि दुमडला की पिशवीत जाईल असा स्टँड घेतला. मोठा कॅमेरा घेतला असता तर लोकांनी मान दिला असता, हे मला कळत होतं. पण तो उचलायला माणूस लागला असता, आणि तो माणूस पुढे जाऊन म्हणाला असता, शूटिंग मी करतो, तू घराकडे बस.

पडद्याचं कापड कणकवलीच्या बाजारातून आणलं, पोपटाच्या पंखासारखं कडक हिरवं. माणसाच्या कातडीत हिरवा नसतो आणि कॅमेऱ्याला हिरवा सगळ्यांत स्वच्छ दिसतो, म्हणून सगळे हिरवाच वापरतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. चौकट मी नळाच्या प्लास्टिक पाइपांची केली. सांधे सुटे, तुकडे एसटीच्या सीटखाली जातील एवढे. खालचे पाइप किनाऱ्यावर गेल्यावर वाळूने भरायचे आणि निघताना रिकामे करायचे. वाळू वाहून न्यायची नाही आणि ती कमीही पडायची नाही.

वाऱ्याचं मात्र मला उमगत नव्हतं. माहेरच्या अंगणात पडदा उभा केला की तो शिडासारखा फुगायचा. वडील ओसरीवर जाळं शिवत बसलेले. जन्म होडीवर गेलेला माणूस, कॅमेऱ्याला कधी हात न लावलेला. बराच वेळ गंमत बघून ते उठले, जाळं बुडावं म्हणून कडेला लावतात ती शिशं घेऊन आले आणि पडद्याच्या खालच्या शिवणीत ओवत बसले. सकाळी वारा जमिनीवरून येतो, मऊ असतो, दुपारी दर्यावरचा सुटला की तुझा पडदा कुडाळला जाईल, असंही त्यांनी सांगितलं. आमच्या किनाऱ्यावर सकाळी सुरूच्या झाडांची सावली वाळूवर पडते, म्हणजे उजेडही सारखा मिळणार. वारा आणि उजेड एकाच वेळी जमत होते. मी वेळ सकाळची ठरवली.

राहिले भावोजी, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गाळा त्यांच्या नावावर होता. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याची त्यांना रात्रंदिवस काळजी. एका लग्नाचं काम करून दाखव, म्हणाले. लोकांना आवडलं तर गाळा तुझा, नाही आवडलं तर मोबाइलवाला भाड्याने मागतोच आहे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. तो गाळा गेला असता तर मला घरात बसून कोणाकोणाच्या ताटाकडे बघावं लागलं असतं, आणि मला ते मरेपर्यंत करायचं नव्हतं.

ते लग्न आमच्याच ओळखीतलं. मुलगा बोटीवर नोकरीला, सुट्टी संपली की निघणार. बाप त्याच्या लहानपणीच गेलेला. आईने एकटीने वाढवलेला, पण ती विधवा म्हणून लग्नात देवकाला बसले मामा आणि मामी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आउटडोअरची ऑर्डर तिनेच दिली, मुलाच्या हट्टापायी. मी तिला काकी म्हणायचे. मला वाटलं होतं, ही बाई तरी मला समजेल.

शूटिंग छान झालं. नवरी लाल साडीत, बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी, मनगटापासून कोपराकडे भरलेला हिरवा चुडा. तिला पडद्यापासून चांगलं पुढे उभं केलं, कारण जवळ उभं राहिलं की कापडाचा हिरवा गालांवर चढतो. मच्छी उतरवून परतणारी एक म्हातारी थांबली आणि मला म्हणाली, "समुद्र आसा मगो, तेच्या फुडे पडदो कित्याक लावतंस?" तिला काय सांगणार. शिशांनी पडदा ताठ धरला, वारा सुटायच्या आत काम आटोपलं, आणि मी सगळं सामान एकटीने उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर मी कॉम्प्युटरला बसले. हिरवा रंग काढला. मागे बर्फाचे डोंगर आले, पुढे लाल साडी, अगदी देखणं. मग नवरीने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. पंजा खांद्यावर होता, कोपर साडीत होतं, आणि मधल्या मनगटावर नुसता बर्फ.

चुडा गेला होता. पडदा हिरवा आणि चुडाही हिरवा, तेव्हा यंत्राने दोन्ही पुसून टाकले होते. कापडाचा पोत बघितला, वारा बघितला, ऊन बघितलं, आणि आमच्यातल्या प्रत्येक नवरीच्या हातात कोणता रंग असतो तेवढंच बघितलं नव्हतं. ज्या शहरात ही पद्धत निघाली तिथल्या नवऱ्या हिरवा चुडा भरत नसतील. आणि माझ्या डोळ्यांना मनगट रिकामं बघायची सवय झाली होती. रंग थोडा कमी काढला तर चुडा परत येई, पण त्याबरोबर डोंगरही हिरवे होत. मी एकेक चित्र हाताने दुरुस्त करायला घेतलं. तेवढ्यात वीज गेली, आणि परत आली तेव्हा तिच्यामागोमाग काकी आणि भावोजीही आले. मुलाला लवकर निघायचं होतं, त्यांना घाई होती. काकी स्टुलावर बसली, आणि पडद्यावर नेमका तोच खांद्यावरचा हात होता.

काकी स्टुलासकट पडद्याजवळ सरकली.

"सुनेच्या हातातली काकणा खंय गेली?" काकीने विचारलं.

मी समजावू लागले. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. मुलगा दर्यावर जायला निघालाय आणि नवरीचे हात भुंडे, तेही तुटलेले, याचा अर्थ तिला कोणी सांगायला नको होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजो हात लागलो म्हणान ह्यां झाला."

मला रडू आलं नाही. संताप आला. परक्या आत्याने म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. पण स्वतःच्या मुलाच्या लग्नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलेली बाई मला हे ऐकवत होती.

"काकी, माजो हात नाय लागलो," मी म्हटलं. "पडदो हिरवो, काकणा हिरवी. यंत्राक दोनय एकच दिसली. चूक माजी, पण ती रंगाची आसा, नशिबाची नाय."

ती उठून गेली. भावोजी मागे राहिले. नवरीने चुडा उतरवून लाल बांगड्या घातल्या आणि पुन्हा काढलं तर, असं त्यांनी चाचरत सुचवलं. नव्या नवरीचा चुडा उतरवायला सांगायला तुम्ही जा, मी म्हटलं. ते गेले नाहीत. जाताना मात्र म्हणाले की मोबाइलवाल्याला ते होकार कळवणार आहेत, मुलगा बोटीवर जायच्या आत काही झालं तर बघू.

तर आता पडदा निळा हवा होता. होडी झाकायची निळी ताडपत्री माहेरी होती, पण ती चकाकते, आणि चकाकेल तिथे रंग पांढरा पडतो. मी साधा मांजरपाट घेतला आणि कुडाळच्या रंगाऱ्याकडून तो निळा करून आणला. शिशं हिरव्यातून काढून निळ्यात ओवली. पण निळ्यात दुसरी अडचण असते. लहान कॅमेऱ्याला निळा तेवढा स्वच्छ दिसत नाही, रंगात कण उठतात. उजेड जास्त घ्यावा लागतो. किती जास्त, ते टेस्ट घेतल्याशिवाय, म्हणजे करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि करून बघायला पडद्यापुढे हिरवा चुडा भरलेला हात हवा होता.

तो कोण देणार? बातमी गावभर झाली होती. जाऊबाई देवळात जायचं आहे म्हणाल्या. शेजारच्या दोघींनी दारंच उघडली नाहीत. माझ्या कॅमेऱ्यापुढे हात धरायला एकही सवाष्ण मिळेना. मग मी तडक बाजारात काकणवालीकडे गेले आणि हिरवा चुडा मागितला.

"कोणाच्या मापाचो व्हयो?" तिने विचारलं.

"माज्याच."

तिने माझ्या कपाळाकडे बघितलं. बाजूची भाजीवालीही हातातली गिऱ्हाइकं सोडून बघू लागली. मी हात पुढे केलेला तसाच ठेवला. मंगलाष्टकं संपेपर्यंत कॅमेरा धरणारा हात होता तो, तेवढ्याने खाली येणार नव्हता. काकणवालीने शेवटी तो हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून मऊ केला आणि एकेक बांगडी चढवली. माझे हात कामाने रुंद झाले होते, तिला बराच वेळ लागला. पण तिने एकही बांगडी फुटू दिली नाही.

सकाळी सुरूच्या सावलीत निळा पडदा उभा केला. कॅमेरा स्टँडवर बसवला, रंग बांधला आणि पडद्यापुढे जाऊन उभी राहिले. तेव्हा लक्षात आलं की कॅमेरा चालू करायला माणूसच नाही. किनाऱ्यावर वाडीतली माणसं जमली होती, जाळी ओढायची सोडून बघत होती. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. वडील होडीजवळ उभे होते. मला वाटलं ते मान फिरवून निघून जातील, आणि गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. ते चालत आले आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

"खंयचा बटण दाबू?"

"तांबडा."

त्यांनी दाबलं. मी हात वर केला, फिरवला, खाली घेतला, पुन्हा वर केला. बांगड्या वाजत होत्या. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताचा आवाज मी ऐकत होते. मग परत जाऊन उजेड वाढवला आणि पुन्हा उभी राहिले, आणि वडील दर वेळी विचारत राहिले, दाबू? वारा सुटेपर्यंत आम्ही तेच करत होतो. माझे डोळे भरून आले होते, पण ते कॅमेऱ्यात येणार नव्हतं, कारण चित्रात फक्त हात होता.

वीज आली तसा निळा काढून पाहिला. एका उजेडाला कण उठले, दुसऱ्याला कडा तुटल्या, तिसऱ्याला हात अख्खा आला. मागे बर्फ, आणि बर्फावर हिरव्यागार बांगड्या. मी ते चित्र परत कॅमेऱ्याच्या कॅसेटवर उतरवलं आणि काकीच्या घरी गेले. पायरीवरच थांबवतील असं वाटलं होतं, पण मुलगा दारात होता, त्याने आत घेतलं. टीव्हीला वायर जोडणार तोच वीज गेली. मी कॅमेऱ्याचा बाजूचा छोटा पडदा उघडला. काकीला बघायचं नव्हतं, पण नाही म्हणायच्या आत बांगड्यांचा आवाज सुरू झाला आणि ती वाकली. एवढ्याशा पडद्यावर दोघींना बघायचं म्हणजे डोक्याला डोकं लावावं लागतं.

तिने तो हात बघितला. मग माझा हात बघितला. ती माझ्या मनगटाकडेच बघत राहिली. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते. त्या हातांत माझ्या आठवणीत कधी काही नव्हतं.

"लोक काय म्हणाक नाय तुका?" तिने विचारलं.

"म्हणतत," मी म्हटलं. "म्हणांदेत."

ती उठून आत गेली. मला वाटलं संपलं. मी कॅमेरा पिशवीत ठेवू लागले. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी सुनेक घेवन येतंय. ही काकणा घालूनच ये. तुज्या हातात दिसली तर तिच्याय हातात दिसतली."

सकाळी नवरदेव निळी जीन्स घालून आला, त्याला काळी पँट घालायला परत पाठवलं. बाकी सगळं नीट झालं. काकी पडद्याच्या बाजूला उभी होती, इथेही एका कडेला, सवयीने. मी तिला मध्ये बोलावलं. ती नको नको म्हणत राहिली, मुलाने हाताला धरून आणलं. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आणि सीडीत मुलाची आई एकाच ठिकाणी दिसते, स्वित्झर्लंडच्या बर्फात, पांढऱ्या साडीत, मुलाच्या आणि सुनेच्या मध्ये. बोटीवर तो तीच सीडी घेऊन गेला.

पुढच्या वर्षी मला मांडवात बोलावणारी घरं निघाली. सगळी नाही, आजही सगळी नाहीत. गाळा मोबाइलवाल्याला गेला नाही. भावोजींनी किल्ली माझ्यापुढे ठेवली तेव्हा त्यांची नजर माझ्या हातांवर होती. अंगणातल्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "आणि ती काकणा कधी काढतलंस?"

"टेस्ट संपली की काढीन," मी म्हटलं.

तेव्हापासून तीन कॅमेरे बदलले, कॅसेट गेली, कार्ड आलं. प्रत्येक नवा कॅमेरा घेताना मी दुकानात हात पुढे धरते आणि मंगलाष्टकं म्हणते. वाढलेली बांगडी काकणवाली लगेच नवी भरून देते, आता ती विचारत नाही. टेस्ट अजून चालू आहे.